मीटरपलीकडचा हिशेब

इंटरनेटला जोडलेल्या घरगुती उपकरणांचा एक इतिहास आहे, आणि वस्तूंच्या पर्यावरणीय हिशेबाचा दुसरा. गंमत अशी, की दोन्ही इतिहासांच्या पहिल्या पानावर एकाच शीतपेयाचे नाव येते.

१९६९ साली अमेरिकेत कोका-कोला कंपनीपुढे प्रश्न होता, की पेय काचेच्या बाटलीत भरावे, धातूच्या डब्यात की प्लास्टिकमध्ये. प्रश्न खर्चाचा होताच, पण कंपनीतले हॅरी टीझली यांनी तो वेगळ्या रीतीने मांडला. खाणीतून कच्चा माल निघाल्यापासून रिकामे भांडे कचऱ्यात पडेपर्यंत किती ऊर्जा लागते, किती साहित्य खपते, किती घाण मागे राहते? मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने हा हिशेब मांडला. कंपनीने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. पद्धत मात्र टिकली. १९७४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेयपात्रांवर तसाच अभ्यास छापला आणि १९९७ मध्ये आयएसओ १४०४० या मानकाने तिला जगभरची शिस्त लावली. आज तिला आपण जीवनचक्र मूल्यमापन म्हणतो. नाव जड असले तरी कल्पना घरगुती आहे. लग्नाचा खर्च फक्त हॉलच्या भाड्यावरून ठरत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट १९८२ च्या सुमाराची. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक विभागाच्या एका मजल्यावर कोकचे यंत्र होते. विभाग वाढला, खोल्या लांब गेल्या, आणि पायपीट करून जावे तर यंत्र रिकामे किंवा बाटली नुकतीच भरलेली, कोमट. विद्यार्थ्यांनी यंत्रातल्या प्रत्येक रांगेच्या दिव्याची तार संगणकाला जोडली. कोणत्या रांगेत बाटल्या आहेत आणि त्या भरून किती वेळ झाला, हे आता जागेवरून कळू लागले. तीन तास उलटले की संगणक ती बाटली थंड असल्याचे सांगे. विभागाचा संगणक आर्पानेटवर होता, म्हणजे दूरच्या शहरातला माणूसही पिट्सबर्गमधली बाटली थंड आहे का, हे विचारू शकत होता. त्याला त्याचा उपयोग काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. जोडलेल्या वस्तूंच्या पुढच्या चाळीस वर्षांत तो फारसा विचारला गेला, असेही मला वाटत नाही.

१९९० मध्ये जॉन रॉमकी यांनी एका तांत्रिक प्रदर्शनात इंटरनेटवरून चालणारा टोस्टर मांडला. दुरून त्याला चालू करता येई आणि बंद करता येई, एवढेच. पाव हातानेच घालावा लागे. २००० साली एलजीने इंटरनेट फ्रिज बाजारात आणला. त्याची किंमत वीस हजार डॉलरच्या वर होती आणि तो चालला नाही. कल्पना मेली नाही, फक्त चिप स्वस्त होण्याची वाट पाहत राहिली. २०११ मध्ये नेस्टचा थर्मोस्टॅट आला, २०१४ मध्ये गुगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरना घेतली, आणि मग दिवे, पंखे, एसी, वॉशिंग मशीन, दारावरची घंटा असे सगळेच वायफायला लटकू लागले.

या दोन इतिहासांची गाठ पडायला बराच काळ लागला, आणि ती पडली विजेच्या मीटरपाशी. मला या गाठीत रस आहे, कारण पर्यावरणाचा हिशेब कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा, यावर उत्तर ठरते. आणि जोडलेल्या उपकरणाने नेमकी हीच हद्द पुन:पुन्हा हलवली आहे.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले ॲलन मायर १९९० च्या दशकात घराघरांतली 'बंद' उपकरणे मोजत होते. टीव्ही, व्हीसीआर, मायक्रोवेव्ह, चार्जर. बंद असतानाही ती वीज घेत होती. एकेकाची वीज नगण्य, पण चोवीस तास आणि कोट्यवधी घरांत. मायर यांनी सुचवले, की कोणत्याही उपकरणाला बंद अवस्थेत एक वॉटहून जास्त लागू नये. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ही एक वॉटची कल्पना उचलली. जुलै २००१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी खरेदीसाठी तसा आदेश काढला. युरोपीय संघाने २००८ मध्ये नियम केला आणि २०१३ पासून साध्या स्टँडबायची मर्यादा अर्ध्या वॉटवर आणली. पर्यावरणाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका यशस्वी आकडा क्वचित सापडतो. उत्पादकांनी फार कुरकुर न करता तो पाळला, कारण पॉवर सप्लायमधला बदल स्वस्त होता.

एक वॉट म्हणजे किती, हे आपल्या बिलाच्या भाषेत सांगतो. वर्षाचे तास ८,७६०. एक वॉट वर्षभर म्हणजे पावणेनऊ युनिट. घरात अशी दहा वॉटची कायमची गळती असेल तर ८७ युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीप्रमाणे आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे या गळतीचे साठ किलो. सेट-टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' केल्यावर अर्ध्या तासाने त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहावा. माझ्या घरचा कोमट लागतो. ती ऊब विकत घेतलेली आहे.

आपल्याकडे यावर एक उपाय पूर्वीपासून भिंतीवर आहे. भारतात, ब्रिटिश वळणामुळे, बहुतेक सॉकेटला स्वतंत्र बटण असते. अमेरिकेतल्या सॉकेटला सहसा नसते. तिथे मायर यांना गळती शोधायला मीटर घेऊन हिंडावे लागले, त्यामागे हेही एक कारण. आमच्या आधीच्या पिढीने टीव्हीचे बटण भिंतीवरून बंद करण्याची शिस्त लावली, ती बिलापोटी आणि थोडी विजेच्या भीतीपोटी. स्मार्ट दिव्याने ही शिस्त निरुपयोगी केली. त्याचे भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवावे लागते, नाही तर मोबाइलची हाक त्याला ऐकू येत नाही. नऊ वॉटचा दिवा रोज तीन तास जळला तर वर्षाला सुमारे ९.९ युनिट उजेडासाठी. उरलेले एकवीस तास तो अर्धा वॉट घेत वाट पाहत राहिला तर ३.८ युनिट वाट पाहण्यासाठी. एलईडीने जे कमावले त्यातला काही हिस्सा असा परत जातो.

पुढचा भाग नियमांच्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही. उपकरणे नेटवर्कला जोडली जाऊ लागली तेव्हा अर्ध्या वॉटचा नियम त्यांना लावता येईना. जागे राहणे हेच त्यांचे काम होते. मग युरोपने २०१३ मध्ये 'नेटवर्क स्टँडबाय' अशी वेगळी पायरी काढली. सामान्य जोडलेल्या उपकरणांना २०१५ पासून ६ वॉट, २०१७ पासून ३ आणि २०१९ पासून २ वॉट. उतरती भांजणी चांगलीच आहे. पण शेवटच्या पायरीवरही जोडलेल्या वस्तूला साध्या वस्तूच्या चौपट सूट राहिली. पंधरा वर्षे झगडून बंद केलेले भोक जोडणीच्या निमित्ताने पुन्हा उघडले, असे मी म्हणेन. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१४ च्या अहवालात जगातल्या नेटवर्कला जोडलेल्या उपकरणांची २०१३ मधली वीज ६१६ टेरावॉट-तास धरली होती, आणि त्यातली सुमारे ४०० वाया जाते असे म्हटले होते. एक टेरावॉट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट.

हा झाला मीटरला दिसणारा भाग. मीटरला न दिसणाऱ्या भागाकडे लक्ष वेधणारा निबंध २००२ साली आला. एरिक विल्यम्स, रॉबर्ट आयर्स आणि मिरियम हेलर यांनी ३२ मेगाबाइटच्या एका मेमरी चिपचा जीवनचक्र हिशेब केला. चिपचे वजन दोन ग्रॅम. ती बनवायला आणि वापरायला मिळून १,६०० ग्रॅम जीवाश्म इंधन आणि ७२ ग्रॅम रसायने. शिवाय ३२ लिटर पाणी. निबंधाच्या नावातच '१.७ किलोची मायक्रोचिप' होती. मोठ्या वस्तूचा भार मोठा आणि लहानीचा लहान, या आपल्या सहजबुद्धीला चिप जुमानत नाही, हे त्यांनी दाखवले. तिचे साहित्य जितके शुद्ध आणि रचना जितकी सूक्ष्म, तितकी मागची ऊर्जा जास्त. तेव्हापासून चिपनिर्मिती फार बदलली आहे. ते आकडे आजच्या चिपला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दिशा बदललेली नाही.

इथे दोन वेगळ्या जातींच्या वस्तू समोर येतात. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा पर्यावरणीय खर्च वापरात होतो, कारण त्या वर्षानुवर्षे भरपूर वीज खातात. मोबाइल, टॅब्लेट यांचा मोठा खर्च कारखान्यात होऊन गेलेला असतो. वापरात ते थोडकीच वीज घेतात. म्हणून पहिल्या जातीला नियम सांगतो, कमी वीज खा. दुसरीला सांगतो, जास्त वर्षे जगा. स्मार्ट फ्रिज म्हणजे या दोन जातींचा संकर. शरीर पंधरा वर्षांचे आणि मेंदू पाच वर्षांचा.

शरीराची वर्षे मी अंदाजाने लिहीत नाही. गोदरेजने १९५८ मध्ये फ्रिज बनवायला सुरुवात केली तेव्हापासून आपल्याकडे फ्रिज ही पिढीची वस्तू झाली. गॅस भरला, काँप्रेसर बदलला, दाराचे रबर बदलले, रंग मारला, गावच्या घरी पाठवला. जुने फ्रिज वीज जास्त खात, ही त्यांची खरी उणीव, आणि २००६ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांनी तिच्यावर चांगला उपाय केला. पण त्या फ्रिजचे आयुष्य मिस्त्री आणि घरमालक ठरवत होते. जोडलेल्या वस्तूचे आयुष्य ठरवायला तिसराच कोणी येऊन बसला आहे.

त्याची नोंदलेली गोष्ट रिव्हॉल्व्ह या उपकरणाची. घरातले दिवे, कुलपे, थर्मोस्टॅट यांना एकत्र चालवणारा हा डबा. किंमत जवळपास तीनशे डॉलर, आणि सेवा आजन्म असे सांगून विकलेला. २०१४ मध्ये नेस्टने ती कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ रोजी मागचा सर्व्हर बंद केला. डब्यात काही बिघडले नव्हते. तार तुटली नव्हती, चिप जळली नव्हती. तरी तो त्या दिवशी भंगार झाला. 'आजन्म' म्हणजे कोणाचा जन्म, हे गिऱ्हाइकांना तेव्हा उमगले. २०२५ च्या ऑक्टोबरात नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचाही इंटरनेटचा आधार संपवण्यात आला; ते भिंतीवरून हाताने चालतात, मोबाइलवरून नाही. हे रिव्हॉल्व्हपेक्षा बरे. पण जोडणीसाठी घातलेल्या चिपचे उरलेले आयुष्य फुकट गेले, हे हिशेबात धरायलाच हवे.

जीवनचक्राच्या हिशेबात आयुष्य हा भागाकारातला छेद असतो. निर्मितीचा भार वर्षांनी भागायचा. दहाच्या जागी पाच आले की दर वर्षीचा भार दुप्पट. आणि हे पाच कुठे छापलेले नसते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की स्मार्ट उपकरण वीज वाचवते, आणि वाचवलेली वीज त्याच्या निर्मितीचा भार फेडते. हे तत्त्वतः बरोबर आहे. खरोखर किती, याचा इतिहास मात्र बोधप्रद आहे. अमेरिकेत एनर्जी स्टार योजनेने वेळ लावता येणाऱ्या थर्मोस्टॅटना आपले चिन्ह दिले होते. लोक ती वेळ लावतच नाहीत आणि बचत प्रत्यक्षात दिसत नाही, असे आढळल्यावर २००९ च्या अखेरीस ते काढून घेतले गेले. मग शिकणारा थर्मोस्टॅट आला, ज्याला वेळ लावावीच लागत नाही. नेस्टने २०१५ मध्ये आपल्या गिऱ्हाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला: तापवण्यात १० ते १२ टक्के आणि गारव्यात सुमारे १५ टक्के बचत. २०२२ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने कॅलिफोर्नियातल्या दोन क्षेत्रीय प्रयोगांवरून लिहिले, की स्मार्ट थर्मोस्टॅट मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांच्या ऊर्जावापरात लक्षणीय फरक नाही. लोक यंत्राची निवड मोडून आपली निवड लावतात. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी असतीलच असे नाही. पैसे टाकून यंत्र आणणारा माणूस आणि चिठ्ठी टाकून निवडलेला माणूस, यांची बिलाशी वागण्याची रीत वेगळी असते. पण घोषणा नेहमी पहिल्याच्या आकड्यावर होते.

आपल्याकडचे उदाहरण पंख्याचे. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी मोटरचा ३० वॉटचा. रोज बारा तास, वर्षातले तीनशे दिवस धरले तर १६२ युनिटची बचत. ही बचत मोठी आहे, आणि कोट्यवधी पंख्यांच्या देशात फारच मोठी. पण ती मोटरची आहे. त्याच पंख्याला वायफाय लावले आणि तो बंद असताना एक वॉट घेत राहिला, तर पाच युनिट परत जातात आणि एक चिप वाढते. जाहिरातीत दोन्ही गोष्टी 'स्मार्ट' या एका शब्दात बांधलेल्या असतात. कमाई मोटरची, मिरवणूक ॲपची. उलट उदाहरण एसीचे. ब्युरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून ताऱ्यांचे एसी मुळातच २४ अंशांवर लावून येऊ लागले. ब्युरोच्याच म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. या सुधारणेला सर्व्हर लागला नाही.

इथवर मी जोडणीच्या विरुद्ध बोललो असे वाटेल, म्हणून दुसऱ्या टोकाची एक गोष्ट नोंदवतो. मे १९९९ मध्ये 'फोर्ब्स' मासिकात पीटर ह्यूबर आणि मार्क मिल्स यांनी लिहिले, की इंटरनेट अमेरिकेची आठ टक्के वीज खाते आणि लवकरच संगणक निम्मी ग्रिड गिळतील, तेव्हा आणखी कोळसा खणा. लेख गाजला, संसदेच्या समित्यांपर्यंत आणि शेअर विश्लेषकांपर्यंत गेला. बर्कलीच्याच प्रयोगशाळेत जॉनथन कूमी आणि सहकाऱ्यांनी आकडे तपासले, तर इंटरनेटचा वाटा सुमारे आठपट फुगवलेला निघाला. २०२० मध्ये एरिक मसानेट, कूमी आणि इतरांनी 'सायन्स'मध्ये दाखवले, की २०१० ते २०१८ या काळात डेटा सेंटरांचे काम साडेसहा पट झाले, पण वीज फक्त सहा टक्क्यांनी वाढली. ती जगाच्या विजेच्या एक टक्क्याच्या आसपास राहिली. त्यानंतर चित्र पालटते आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२४ साठी ४१५ टेरावॉट-तास, म्हणजे सुमारे दीड टक्का, असा आकडा दिला, आणि वाढीचे मुख्य कारण कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. तुमचा फ्रिज नव्हे. 'दिवा चालू कर' या आज्ञेला सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारी वीज किरकोळ असते. चोवीस तास चित्रण दूर पाठवणारा कॅमेरा मात्र त्या रांगेत बसत नाही. पर्यावरणाच्या नावाने फुगवलेला आकडा शेवटी कोळसा खणणाऱ्यांच्या उपयोगी पडतो, हे १९९९ च्या लेखाने उघडच सांगितले होते. म्हणून मोजमाप हवे, आणि ते घरात जाऊन केलेले हवे. पुण्याच्या 'प्रयास'च्या ऊर्जा गटाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या घरांत मीटर लावून विजेचा खरा वापर टिपण्याचे काम केले आहे. अशा नोंदी वाढतील तसा अंदाजाचा बाजार कमी होईल.

राहिला शेवटचा टप्पा. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जे निघते त्यात आता पितळ कमी आणि ॲडॉप्टर जास्त असतात. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. भारतात ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि यादी एकवीस प्रकारांवरून एकशे सहा प्रकारांवर गेली. कागदावर हे मोठे पाऊल आहे. प्रत्यक्षात भंगारवाला वजनावर पैसे देतो. फ्रिजचे पत्रे आणि तांबे त्याला हवे असते, आणि पंख्यातली वायफायची चकती मोडून कुठल्या ढिगात गेली हे कोणी पाहत नाही. दिल्लीच्या सीलमपुरात आणि मुरादाबादेत सर्किट बोर्ड जाळून, आम्लात बुडवून धातू काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. ते हात आणि ती फुप्फुसे आपल्या मीटरच्या सर्वात दूरच्या टोकाला आहेत. साध्या पंख्यात बोर्ड नव्हताच. प्रत्येक जोडणी त्या ढिगात थोडी भर घालते.

हद्द वाढवण्याचे प्रयत्न आता होत आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून जोडलेली वस्तू विकणाऱ्याला तिला सुरक्षा-अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, ते जाहीर करावे लागते. वर्षे किती असावीत हे कायदा सांगत नाही, फक्त लपवू नका म्हणतो. फ्रान्सने २०२१ मध्ये काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापायला लावले आणि २०२५ पासून टीव्ही व वॉशिंग मशीनसाठी त्यांच्या जागी टिकाऊपणाचे गुण आणले. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ मध्ये नेमलेल्या समितीने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल २०२५ मध्ये दिला, आणि त्याच्या निकषांत सुट्या भागांबरोबर सॉफ्टवेअर अपडेटही आहे. सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून करायची आहे. फ्रिजच्या दारावरचे ताऱ्यांचे लेबल तूर्त तसेच आहे: वर्षाला किती युनिट, किती तारे, कोणत्या वर्षीची बनावट. आतला मेंदू किती वर्षे जागा ठेवला जाईल, याची ओळ त्यावर नाही.